शिलाई मशिनचं तेल

डिसेंबरातली सकाळ, साडेसात वाजलेले. माझ्या मुलीनं बोल्ट पुढे सारला, हँडल खाली केलं, श्वास सोडला, ट्रिगर दाबला. काहीच झालं नाही. साधं टकदेखील नाही. तिनं नळी लक्ष्याकडेच ठेवली, डावा हात वर केला आणि पुतळ्यासारखी पडून राहिली. गोळी उडाली नाही म्हणून लगेच बोल्ट उघडायचा नसतो. एखादं काडतूस उशिरा पेट घेतं. अर्ध्या मिनिटानं प्रशिक्षकांनी स्वतः बोल्ट उघडला. बाहेर आलेल्या .22च्या काडतुसाच्या कडेवर नखानं ओरखडावं इतका पुसट व्रण होता. या काडतुसाची ठिणगी त्याच्या कडेतच भरलेली असते. फायरिंग पिन तिथं जोरात आपटायला हवी होती, आणि ती नुसती टेकली होती.

रिकामी रायफल त्यांनी पुन्हा बंद करून पाहिली. या वेळी कान देऊन ऐकलं. हँडल खाली जाताना आतून एक दबका, ओलसर आवाज आला. म्हणजे पिन मागे अडायच्या ऐवजी बोल्टच्या मागोमाग पुढे सरकत होती. "आज हळू सरकतीये," ते म्हणाले, "एखाद्या दिवशी झटक्यात जाईल, मग बोट न लावता गोळी सुटेल. ही लाइनवर नको." मुलीनं नळीत केशरी सेफ्टी फ्लॅगची दोरी ओवली आणि रायफल पेटीत ठेवली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तिला कळलं होतं. मलाही. आषाढात कोल्हापूरला पाऊस लागला की कपाटातल्या साड्यांनासुद्धा बुरा येतो. रायफल गंजेल या भीतीनं मी आईच्या शिलाई मशिनची तेलाची बाटली काढली होती आणि ट्रिगरच्या फटीत चार थेंब सोडले होते. चारच, असं मी तेव्हा म्हटलं. जास्त असतील. करकरतं तिथं तेल घालायचं, हे आमच्या घरातलं शास्त्र. ट्रिगर करकरत नव्हता, ही गोष्ट निराळी.

बंदुकीची दुरुस्ती वाटेल त्याला करता येत नाही. 1959च्या शस्त्र कायद्यात विक्रीसारखाच दुरुस्तीलाही परवाना लागतो. म्हणून रायफल, तिचा परवाना आणि मुलगी असा लवाजमा घेऊन आम्ही परवाना असलेल्या मिस्त्रींच्या दुकानी गेलो. दुकान म्हणजे एक खण. शटर वर सारलं की अशी किंकाळी उठते की समोरचा चहावाला न बघता एक कप जास्त टाकतो. मिस्त्रींचे आजोबा ठासणीच्या बंदुका दुरुस्त करत. त्यामुळे शब्दांच्या बाबतीत ते कडक आहेत. मी "घोडा अडकतोय" म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "घोडा केपावर आपटायचा, ताई. वरचा. बोटाखाली असतोय त्यो चाप. आन् तुमच्या रायफलीला घोडाच न्हाई." मग चाप म्हणायचं का? तर "नको, ट्रिगरच म्हणा, पोरं तेच म्हणत्यात."

त्यांनी आधी बोल्ट काढला, चेंबरमधून दिव्याकडे पाहिलं, करंगळी घालून खात्री केली. मुलीनं आमच्यासमोर दोनदा तपासली होती. त्यांनी तरीही तपासली. मग हत्याराला हात न लावता विचारलं, "कधी हुतंय? सकाळी का दुपारी?"

मुलगी विचारात पडली. "सकाळीच, काका. पहिल्या दहा-पंधरा गोळ्यांना. ऊन चढलं की नीट चालते."

"मग सांगायला कशाला पायजे," असं पुटपुटत त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तेल कुणी घातलं?"

एखाद्या वैद्यानं नाडी बघून पथ्य कुणी मोडलं ते ओळखावं, तसं झालं. गारठ्यात घट्ट होतं आणि उन्हात पातळ होतं, असं ट्रिगरमध्ये काय असणार?

पण एवढ्यावर ते थांबले नाहीत. दुकानात बसून मला पहिल्यांदा समजलं ते हे, की रोग ओळखल्यावरही बाकीचे संशयित एकेक करून सोडून द्यावे लागतात. बट वेगळा केला. कधीकधी लाकूड फुगतं, किंवा खालचे स्क्रू वाजवीपेक्षा जास्त आवळले जातात, आणि ट्रिगर बटाच्या आतल्या बाजूला घासतो. अशी रायफल बटाबाहेर शहाण्यासारखी वागते, बटात बसवली की बिघडते. आमची बाहेरही बिघडलेलीच होती; बट सुटला. मग बोल्ट. फायरिंग पिनच्या शेपटीला एक खाच असते, तिथंच ती अडवली जाते. ती खाच झिजली असेल तर ट्रिगर बदलूनही उपयोग नाही. मिस्त्रींनी भिंग लावून पाहिली, नखानं चाचपली. खाच धारदार होती, बोल्टही सुटला.

मग त्यांनी मुलीला जवळ बोलावलं आणि ॲक्शनच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्याच्या, पोटातला, वर डोकावणारा एक तुकडा दाखवला. हा सियर. बोल्ट बंद होताना पिनला मागे धरून ठेवतो तो हा. आणि याला धरून ठेवतो तो ट्रिगर. सगळा भार एका कडेवर दुसरी कड टेकलेली, इतकाच, आणि तो टेकूही अर्ध्या मिलिमीटरच्या आतला. ट्रिगर दाबणं म्हणजे काही ढकलणं नव्हे, तो टेकू काढून घेणं. मी इतके दिवस समजत होते की ट्रिगरचं काम गोळी सोडण्याचं. मिस्त्रींच्या बोलण्यात मात्र 'सोडणं' क्वचितच येतं. "धरतोय का?" हाच त्यांचा प्रश्न.

त्यांनी सियर बोटानं खाली दाबला आणि सोडला. तो टुणकन वर यायला हवा. आला, पण दमेकरी जिना चढावा तसा. बोल्ट जोरात बंद केला तर हा वर पोहोचायच्या आत पिन निघून गेलेली.

धुवायला व्हाइट पेट्रोल, घड्याळजी वापरतात तेच. दार उघडं, आसपास ठिणगी नाही, चहाही बाहेर. सिरिंजनं आत मारलं तेव्हा काचेच्या बशीत जे उतरलं ते काकवीसारखं होतं. त्यात माझं तेल होतं, पण एकट्या माझं नव्हतं. .22च्या गोळीला मेणासारखं वंगण असतं, ते जळून काळं होतं. शिवाय नळी मागच्या बाजूनं साफ करताना गाइड लावला नाही, तर सॉल्व्हंटचे थेंब थेट ट्रिगरवर पडतात. धूळ, मेण, सॉल्व्हंट हे सगळं सुटं सुटं निघून गेलं असतं कदाचित. तेलानं त्यांना संसार थाटून दिला. मुलीला यात माझी बाजू घेण्यासारखं काही सापडलं नाही.

वाळल्यावर सियर टुणकन उडाला. मी पर्स उचलली.

"बसा ताई."

आता त्यांनी रिकामी रायफल बंद करायला सुरुवात केली. अलगद नव्हे, दाणकन. प्रत्येक वेळी पिन धरली गेली की नाही ते बघायचं. मग बटाच्या टाचेवर रबरी हातोडीचा ठोका. वीस वेळा करायचं, असा त्यांचा नेम. बारा वेळा नीट. तेराव्या ठोक्याला टक्. कुणीही ट्रिगरला हात लावला नव्हता. मला ती टक् अजून ऐकू येते.

भिंगाखाली ट्रिगर उघडला तेव्हा माझं पाप थोडं हलकं झालं. ही रायफल आमच्याकडे दुसऱ्या हातानं आलेली. आधी कधीतरी, कुणीतरी, ट्रिगर आणखी मऊ व्हावा म्हणून टेकूची कड दगडावर घासली होती. तिरक्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. अशा तुकड्यांत कठीणपणा बरेचदा फक्त वरच्या पातळ सालीला दिलेला असतो. साल घासून गेली की आतलं मऊ पोलाद उघडं पडतं, आणि मग प्रत्येक गोळीगणिक कड गोल होत जाते. माझ्या तेलामुळे हे उघडकीस आलं, असं मी म्हणून पाहिलं. दोघांनीही ऐकलं नाही.

"कड पुन्हा काढता येईल का?"

"येतीया की. मी काढत न्हाई." कारण विचारायची गरज नव्हती. एकानं घासली म्हणून तर आम्ही तिथं बसलो होतो.

नवा ट्रिगर यायला सहा आठवडे लागले. काड्यापेटीहून थोडा मोठा डबा. पण कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच येतात, त्यामुळे तो परवानाधारक विक्रेत्यामार्फत, कागदपत्रांसकट आला. त्या दिवसांत मी ट्रिगरबद्दल मिळेल ते वाचलं, आणि रात्री झोप उडवणारं प्रकरण अमेरिकेतलं निघालं. रेमिंग्टन कंपनीच्या माइक वॉकर या अभियंत्यानं 1940च्या दशकात एक ट्रिगर रचला. 1962 साली आलेल्या मॉडेल 700 या लोकप्रिय शिकारी रायफलीतही तोच होता. त्यात ट्रिगर आणि सियर यांच्यामध्ये एक सुटी पट्टी असे, स्प्रिंगच्या दाबावर टेकलेली. दर गोळीला ती ट्रिगरपासून क्षणभर सुटायची आणि परत बसायची. परत बसताना मध्ये कण आला, तेल गोठलं, तर टेकू अपुरा राहतो आणि सेफ्टी काढताच गोळी सुटू शकते, असा आरोप पुढे खटल्यांमधून झाला. वॉकरनं स्वतःच 1948 साली सेफ्टीत सुधारणा सुचवली होती. तिचा खर्च बंदुकीमागे साडेपाच सेंट होता, असं नंतर बातम्यांतून बाहेर आलं. 2000 साली मोंटानात आईच्या हातातल्या अशा रायफलीची सेफ्टी काढताच गोळी सुटली आणि नऊ वर्षांचा मुलगा गेला. कंपनीनं रचनेतला दोष अखेरपर्यंत मान्य केला नाही. पण ट्रिगर फुकट बदलून देण्याची तडजोड केली. त्याआधी, 2014 साली, कंपनीला आपल्या नव्या ट्रिगरच्याही रायफली परत बोलवाव्या लागल्या होत्या. कारण, जोडणीत चिकटद्रव्य जास्त पडलं होतं.

चिकटद्रव्य जास्त पडलं. मी उठून पाणी प्यायले.

बदलण्याचं काम त्या मानानं सरळ. ट्रिगरचा डबा ॲक्शनला दोन आडव्या पिनांनी धरलेला. पितळी पंच, छोटी हातोडी, तीन ठोके, पिन बाहेर. मिस्त्री सगळं एका जुन्या पांढऱ्या धोतराच्या तुकड्यावर करतात. बोल्ट अडवणाऱ्या खिट्टीची स्प्रिंग उडालीच, आणि पांढऱ्यावर लगेच सापडली. जुना डबा निघाला, नवा बसला. खिट्टी मोकळी हलते ना, बोल्ट निघतो ना, हे बघून पिना परत ठोकल्या. अर्धा तास.

वेळ गेला तो वजनात. 50 मीटर रायफलला ट्रिगरच्या वजनाची खालची मर्यादा नाही. 10 मीटर एअर पिस्तूलला कमीत कमी 500 ग्रॅम लागतात, रायफलबद्दल नियम गप्प आहे. म्हणून नेमबाज हलकं, आणखी हलकं करत जातात. दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, 50 मीटरवर. तिथं बोटाची एवढीशी ओढही दिसते. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं 2024च्या ऑगस्टात पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच रायफलप्रकारात कांस्य मिळवल्यापासून आमच्याकडच्या पोरांत ग्रॅमवर वाद चालतात. मुलीला 80 हवे होते. मिस्त्रींनी सोनाराकडची जुनी पितळी वजनं काढली, तारेच्या आकड्यानं ट्रिगरला टांगली. पहिला टप्पा सैल, बोट नुसतं मागे येतं, मग भिंत लागते, भिंतीपलीकडे गोळी. पहिल्या टप्प्याला किती, भिंतीला किती, हे दोन वेगळे स्क्रू. तिसरा स्क्रू टेकूचा, चौथा सुटल्यावर ट्रिगर किती मागे जावा याचा.

"ऐंशीवर धरंल?" मुलीनं विचारलं.

"ठोकून बघू."

ऐंशीवर सतराव्या ठोक्याला सुटला. शंभरवर धरला. एकशेवीसवर धरला, आणि तिथं त्यांनी स्क्रूवर लाखेचा ठिपका दिला. मुलगी ओठ मुडपून गप्प. मग तिनं पालथी पडून, रिकाम्या रायफलीवर डोळे मिटून दहा वेळा दाबून पाहिलं, आणि अकराव्यांदा विचारलं, "काका, भिंत आधीपेक्षा स्वच्छ लागते ना?" ते हसले नाहीत, पण बट आवळताना टॉर्क रेंच तिच्या हातात दिला. पाच न्यूटन-मीटर; कट् वाजलं की थांब.

मलाही दाबून बघायला दिलं. मी तयारी करत असतानाच तो सुटून गेला होता.

पैसे देताना त्यांनी विचारलं, "ट्रिगरात आता काय घालायचं, ताई?"

"काही नाही."

"आन् ती बाटली कुठाय? घरात ठिवू नका, हात जाईल परत."

बाटली पर्समध्येच होती. दाखवायला आणली होती आणि लाजेनं काढली नव्हती. ती घेऊन ते दाराशी गेले, स्टुलावर चढले, शटरच्या दोन्ही खाचांत तेल सोडलं आणि शटर खालीवर करून पाहिलं. आवाज अर्ध्यावर आला. समोरचा चहावाला दचकून बाहेर आला, दुकान बंद झालं की काय म्हणून.