ई-मेलवरचे नाव खरे कशावरून?

बीड, गेवराई, माजलगाव, परळी येथील आपल्या अनेक व्यापारी बांधवांना मालाचे बिल ई-मेलने येते. समजा, सुरतच्या जुन्या पेढीच्या नावाने निरोप आला, 'आमचे बँक खाते बदलले आहे, या वेळची रक्कम नव्या खात्यात भरावी.' नाव तेच, पत्ता तोच. पैसे भरले जातात. आठ दिवसांनी पेढीचाच फोन येतो, 'शेठ, पैसे कधी पाठवता?'

असे कसे घडते? पोस्टकार्डावर पाठविणाराचे नाव कोणीही काहीही लिहू शकतो; पोस्टमन ओळखपत्र मागत नाही. ई-मेलचेही तसेच आहे. १९८२ साली ठरलेल्या त्याच्या नियमांत पाठविणारा खरा की खोटा हे तपासण्याची सोयच नव्हती.

ही उणीव भरून काढण्यासाठी पुढे तीन उपाय निघाले. एसपीएफ म्हणजे आपल्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात याची यादी. डीकेआयएम म्हणजे लखोट्यावरील मोहर. वाटेत मजकूर बदलला तर ती जुळत नाही. डीमार्क म्हणजे या तपासणीत न उतरलेल्या पत्राचे काय करावे, याची डोमेनमालकाने दिलेली सूचना. ती 'काही करू नका' अशीच ठेवली, तर खोटे पत्र अडत नाही. ज्यांच्या दुकानाचे स्वतःचे डोमेन आहे, त्यांनी वेबसाइट करून देणाऱ्याकडून या तिन्ही नोंदी करवून घ्याव्यात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी याबाबतचे नियम कडक केले आहेत. नोंदी नसतील तर आपले खरे बिलही ग्राहकाच्या स्पॅममध्ये जाऊन पडते.

आलेले पत्र तपासायचे असल्यास संगणकावर जीमेलमधील 'शो ओरिजिनल' उघडावे. तिन्ही नावांपुढे 'पास' किंवा 'फेल' लिहिलेले दिसते.

परंतु 'पास' दिसले म्हणून निर्धास्त राहू नये. २०१५ साली ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीच्या पत्त्यातील दोन अक्षरांची अदलाबदल करून, 'ओएनजीसी'चे 'ओजीएनसी' करून, भामट्यांनी सौदी अरेबियातील खरेदीदाराला पत्रे पाठविली. सुमारे १९७ कोटी रुपये भलत्याच खात्यात गेल्याची तक्रार मुंबई पोलिसांत नोंदली गेली. असे जवळपास सारखे दिसणारे डोमेन भामट्याने स्वतः विकत घेतलेले असते, म्हणून तपासणीत ते बिनबोभाट पास होते. पत्रात बिलाची रक्कमही अचूक असेल, तर दोघांपैकी एकाची मेलपेटी चोराने आधीच वाचली असण्याचा संभव असतो. अशा वेळी पासवर्ड ताबडतोब बदलावा.

म्हणून खाते बदलल्याचे पत्र आले की आपल्या वहीतील जुन्या नंबरवर फोन करावा. पत्रात दिलेल्या नंबरवर करू नये. ओळखीचा आवाज ऐकल्याशिवाय रक्कम सोडू नये.

फसगत झालीच तर संकोच न करता त्याच क्षणी बँकेला कळवावे, १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी आणि ते पत्र पुसून टाकू नये. तोच पुरावा आहे. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोहोचली, तरच ते गोठविले जाण्याची आशा असते.