लिस्बनची लोखंडी लिफ्ट: वारसा आणि सुरक्षिततेचा प्रश्न

पोर्तुगालची राजधानी लिस्बन हे टेकड्यांवर वसलेले शहर आहे. तेथील सांता जुस्ता ही लोखंडी लिफ्ट एखाद्या इमारतीत नसून भर रस्त्यावर उभी आहे. सखल भागातील बायशा ही बाजारपेठ आणि टेकडीवरील कार्मो चौक यांना ती जोडते. गोव्यावर पोर्तुगीजांचा अंमल असताना, १० जुलै १९०२ रोजी ती जनतेसाठी खुली झाली.

राऊल मेनियर दु पोंसार या अभियंत्याने तिची रचना केली. सुमारे ४५ मीटर उंचीच्या मनोऱ्यावर गॉथिक शैलीची नक्षी आहे. माथ्यावरील पादचारी पूल १७५५ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या कार्मो मठाजवळ पोहोचतो. मनोऱ्यात दोन कक्ष असून, एक वर जाताना दुसरा खाली उतरावा व दोघांचा भार परस्परांनी तोलावा, अशी मूळ योजना होती. त्यामुळे यंत्राला केवळ वजनातील फरक आणि घर्षण यांपुरतीच शक्ती लावावी लागते. प्रारंभी वाफेवर चालणारी ही लिफ्ट १९०७ मध्ये विजेवर आली. २००२ मध्ये तिला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला.

भार तोलण्याचे हेच तत्त्व उतारावरील फ्युनिक्युलर गाड्यांत वापरले जाते. नाशिक जिल्ह्यातील सप्तशृंगी गडावर २०१८ मध्ये सुरू झालेली ट्रॉली याच प्रकारची आहे. लिस्बनमधील १८८५ ची ग्लोरिया फ्युनिक्युलरही मेनियर यांनीच आखली होती. ३ सप्टेंबर २०२५ रोजी तिचा एक डबा उतारावरून घसरून १६ जणांचा मृत्यू झाला.

दोन्ही डब्यांना जोडणारा पोलादी दोर वरच्या डब्यातील जोडणीपाशी निसटल्याचे प्राथमिक तपासात आढळले. त्याच दिवशी सकाळी झालेल्या पाहणीत कोणताही दोष दिसला नव्हता. जोडणीचा तो भाग सुटा केल्याविना नजरेस पडत नव्हता. दोर निसटताच समतोल संपला आणि केवळ ब्रेकच्या बळावर डबा थांबू शकला नाही. वापरलेला दोर प्रवासी वाहतुकीसाठी प्रमाणित नसल्याचेही तपास यंत्रणेने नमूद केले.

या दुर्घटनेमुळे जुन्या सार्वजनिक यंत्रांच्या जतनाचा प्रश्न ऐरणीवर आला आहे. मनोऱ्याची नक्षी, डब्यांचे लाकूडकाम आणि मूळ रूप हा वारसा असला, तरी दोर, जोडण्या आणि ब्रेक यांना स्मारकाचा न्याय लावता येत नाही. ते आजच्या निकषांवर वेळोवेळी तपासावे व बदलावे लागतात. एक आधार निकामी झाल्यास भार पेलणारा स्वतंत्र दुसरा आधार असणे, हा त्यातील मूलभूत निकष होय.