संघाचें सभासदत्व : सक्ति कोणावर ?

अमुक संघाचा सभासद झाल्याशिवाय कामगाराला काम मिळूं नये, असा दंडक अमेरिकेंतील कित्येक कारखान्यांत एके काळीं होता. १९४७ च्या टॅफ्ट-हार्टले कायद्यानें तो मोडला. आपल्याकडील कायद्यांनीं अशी उघड सक्ति केलेली नाहीं. उलट महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यानें, संघांत येण्याविषयीं अथवा न येण्याविषयीं कामगारावर जबरदस्ती करणें हें संघाचेंच अनुचित कृत्य ठरविलें.

मग येथें विरोध कशाला झाला ? दारानें अडविलेली सक्ति खिडकीवाटे आंत आली म्हणून. मुंबईच्या १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यान्वयें, एखाद्या गांवीं एका धंद्यांतील शेंकडा २५ कामगार ज्या संघांत असतील, तो सगळ्यांचा 'प्रतिनिधि' होऊं शके. त्यानें केलेला करार उरलेल्या पाऊणशेंनाहि बांधी. मुंबईच्या कापडगिरण्यांत हा मान काँग्रेसच्या छायेंतील राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. वर्गणी देऊं नका, पण बोलूं आम्हीच, असा हा प्रकार. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख गिरणीकामगारांनीं संप केला, त्यांत पगारवाढीबरोबरच हा कायदा रद्द करण्याचीहि मागणी होती. सरकार नमलें नाहीं. संप रीतसर मागें घेतला गेला नाहीं, आणि कित्येक गिरण्यांचे भोंगे पुन्हां वाजले नाहींत.

ह्या वादाचें मूळ जुनें आहे. १९३८ मध्यें बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळानें औद्योगिक कलहाचें विधेयक आणून संपावर बंधनें घातलीं, तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षानें, कम्युनिस्टांना सोबत घेऊन, ७ नोव्हेंबरला एक दिवसाचा संप घडविला. तेच आंबेडकर १९४३ मध्यें मध्यवर्ती सरकारांत मजूर खातें सांभाळीत असतां, मालकांनीं संघांना मान्यता दिलीच पाहिजे असें विधेयक आणतात. यांत विसंगति नाहीं. सक्ति हवी ती मालकावर, बोलणीं करण्याची, कामगारावर नव्हे. (१९५४ च्या पोटनिवडणुकींत हेच गृहस्थ आमच्या भंडाऱ्यांतून उभे राहिले, गोंदिया तेव्हां त्याच जिल्ह्यांत होतें, आम्हीं त्यांना पाडलें!)

सक्तीच्या कैवाऱ्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. एक वर्गणी भरतो, शिव्या खातो. दुसरा घरीं बसून तीच पगारवाढ घेतो. याला उत्तर सोपें नाहीं. पण गोंदियाकडील विडी वळणारी बाई पाहा. कोणत्याहि संघांत न जाण्याचें तिला पूर्ण स्वातंत्र्य ! घरीं तेंदूपानांत तंबाखू भरून ती हजारावर मजुरी घेते. ठेकेदार कांहीं विड्या खराब म्हणून बाजूस काढतो. एकटीनें हिशेब मागितला, तर उद्यां पान-तंबाखू मिळण्याची धास्ती. १९६६ च्या कायद्यानें घरीं काम करणारीलाहि कामगार मानलें. पण २०२५ पर्यंत अमलांत असलेल्या त्या कायद्यावर बोट ठेवून भांडावयास सोबत लागे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आलेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेनें, अनेक संघ असल्यास, एकट्यानें वाटाघाट करण्याचा मान हजेरीपटावरील शेंकडा ५१ कामगारांच्या संघास दिला आहे. पंचवीसापेक्षां हें केव्हांहि न्याय्य. हजेरीपटावर जिचें नांवच नाहीं, तिच्या वाट्याला मात्र ही टक्केवारी येत नाहीं.