इंटरनेटचा सातबारा

शिरूर तालुक्यातील न्हावरे येथे एखादा खातेदार वारला आणि वारसांनी फेरफार करून घेतला नाही, तर सातबाऱ्यावर मृताचेच नाव राहते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या १४९ व्या कलमाप्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत वर्दी द्यावयाची असते. ती राहिली, म्हणजे तोतयास वाट मोकळी होते. हाच प्रकार इंटरनेटच्या दप्तरातही घडतो.

इंटरनेटवरील यंत्रांस अंकी पत्ते लागतात. जुन्या पद्धतीचे पत्ते एकंदर सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातील अखेरचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले आणि पत्त्यांस जमिनीसारखा भाव आला. आपल्या भागाचे दप्तर ब्रिस्बेन येथील एपनिक ही संस्था ठेवते. भारतापुरते काम २०१२ पासून आयरिन पाहते.

पूर्वी गट घेतलेली कंपनी बुडते वा दुसरीत विलीन होते. दप्तरातील नाव व ई-मेल मात्र तसाच राहतो. त्या ई-मेलच्या संकेतनामाची मुदत संपली, की चोर ते अल्प किमतीत विकत घेतो आणि मालक म्हणून दप्तरास पत्र धाडतो. पुढे त्या पत्त्यांवरून फसवी पत्रे सुटतात आणि मूळ मालकाचे पत्ते काळ्या यादीत जातात.

याचा माग कसा लागतो? गट वापरावयाचा तर त्याची वाट जगभरच्या जाळ्यांस जाहीर करावी लागते. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठ अशा वाटांची नोंद वर्षानुवर्षे जपत आले आहे. वीस वर्षे मुका असलेला गट एके दिवशी परदेशातून बोलू लागला, की संशय घ्यावा. मग दप्तरातील बदल, संकेतनामाची खरेदी आणि वाटेची जाहिरात या तिन्हींच्या तारखा ताडून पाहाव्यात. त्या जवळजवळ आल्या, की चोराचे पाऊल उमटलेले दिसते.

कॅलिफोर्नियातील संशोधक रॉन गिल्मेट यांनी अशाच चिकाटीने आफ्रिकेतील जुन्या गटांचा शोध घेतला. २०१९ साली तेथील गैरव्यवहार उघडकीस आला. सुमारे १८ लाख जुन्या पत्त्यांच्या नोंदी फिरविल्या गेल्याचे आफ्रिनिक या तेथील नोंदणीसंस्थेने २०२१ मध्ये जाहीर केले. पुष्कळसे गट बंद पडलेल्या वा विलीन झालेल्या कंपन्यांचे होते.

एपनिक आता तक्रारीच्या ई-मेलची दर सहा महिन्यांनी खातरजमा करून घेते. ज्या महाविद्यालयाच्या वा पेढीच्या नावे असे गट आहेत, तिने कर्मचारी निवृत्त होताच दप्तरातील नावही बदलावे. चोरास कुलूप फोडावे लागत नाही. जुनी नोंद हीच त्याची किल्ली असते.