कुलूप कोणी लावायचं? ओपनएसएसएल, थ्रेड आणि लॉक

थ्रेड म्हणजे काय, हे आपण मागच्या वेळी पाहिलं. प्रोग्रॅम एक, मेमरी एक, पण काम करणारे हात अनेक. आज आपण हे अनेक हात एकाच वेळी क्रिप्टोग्राफीच्या लायब्ररीत शिरले की काय होतं, ते समजून घेऊ. उदाहरणाला ओपनएसएसएल घेऊ. एरिक यंग आणि टिम हडसन यांच्या एसएसएलईएवाय या लायब्ररीच्या पायावर १९९८ च्या अखेरीस ती उभी राहिली. आज वेब सर्व्हर, डेटाबेस, ईमेल अशा असंख्य ठिकाणी ती आतमध्ये गुपचूप काम करत असते.

आता कुणी विचारेल, क्रिप्टोग्राफी म्हणजे तर गणित. गणिताला कुलूप कशाला? बरोबर आहे. एखाद्या मजकुराचा हॅश काढायचा, तर प्रत्येक थ्रेडने आपापला मजकूर आणि आपापली जागा घ्यावी, एकमेकांशी काही संबंध येत नाही. अडचण गणितात नाहीच, ती आहे सामायिक वस्तूंमध्ये. अशा दोन वस्तू नीट पाहू.

पहिली वस्तू म्हणजे मोजणी. एक प्रमाणपत्र किंवा एक की मेमरीत असते आणि अनेक जोडण्या तीच वापरतात. ती कधी पुसायची? तर शेवटच्या वापरणाऱ्याचं काम संपलं की. म्हणून त्या वस्तूसोबत एक आकडा ठेवलेला असतो, आत्ता किती जण वापरताहेत याचा. याला रेफरन्स काउंट म्हणतात.

समजा, एका वाचनालयाच्या अभ्यासिकेत दाराशी पाटी आहे. आत जाताना आकडा एकाने वाढवायचा, बाहेर पडताना एकाने कमी करायचा, आणि पाटीवर शून्य आलं की दिवे बंद करून कुलूप लावायचं. साधा नियम आहे. आता आत तिघे आहेत आणि दोघं जण अगदी एकाच क्षणी दाराशी आले. दोघांनीही '३' वाचलं, दोघांनीही मनात एक मिळवला, दोघांनीही '४' लिहिलं. आत माणसं पाच, पाटीवर चार. पुढे चौघं निघून गेले, पाटीवर शून्य आलं. दिवे बंद, दाराला कुलूप, आणि पाचवा आत वाचत बसलेला!

प्रोग्रॅममध्ये नेमकं हेच होतं. एक थ्रेड की वापरत असताना दुसरा थ्रेड ती मेमरी मोकळी करून टाकतो. नशीब बरं असेल तर प्रोग्रॅम तिथल्या तिथे कोसळतो. नशीब वाईट असेल तर कोसळत नाही, त्या जागी आलेला भलताच मजकूर की समजून वापरत राहतो. याच्या उलटही घडतं. दोघं एकदम बाहेर पडले तर पाटीवर एक आकडा जास्त राहतो, दिवे कधीच बंद होत नाहीत. मेमरी हळूहळू भरत जाते.

दुसरी वस्तू जास्त नाजूक आहे. ती म्हणजे रँडम आकडे देणारं यंत्र. त्याची एक आतली स्थिती असते. आकडे मागितले की ते स्थितीवरून आकडे काढतं आणि मग स्थिती बदलतं. स्थिती बदलायच्या आत दुसरा थ्रेड तिथे पोचला, तर? दोघांना तेच आकडे मिळू शकतात.

मिळाले तर बिघडलं कुठे, असं वाटेल. पण ईसीडीएसए या सही करण्याच्या पद्धतीत प्रत्येक सहीसाठी एक नवा गुप्त आकडा लागतो. एकाच कीने दोन वेगळ्या मजकुरांवर सही करताना तोच आकडा पुन्हा वापरला गेला, तर त्या दोन सह्या हातात असलेला कोणीही शाळेतल्यासारखी दोन समीकरणं सोडवून खाजगी की काढू शकतो. हे नुसतं कागदावरचं भय नाही. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या केऑस काँग्रेसमध्ये प्लेस्टेशन ३ च्या बाबतीत हेच दाखवलं गेलं. तिथे कारण थ्रेडचं नव्हतं, सही करताना तो आकडा बदललाच जात नव्हता. पण आकडा पुन्हा आला की काय किंमत पडते, ते त्यातून कळतं. म्हणून या यंत्रापाशी रांग लावणं भागच आहे.

रांग लावायचं साधन म्हणजे लॉक. ज्याच्याकडे लॉक तो आत, बाकीचे दाराबाहेर. इथपर्यंत सोपं आहे. खरा प्रश्न पुढचा, हे कुलूप आणायचं कोणी?

ओपनएसएसएलचं जुनं उत्तर होतं, तुम्ही आणा. हे आज विचित्र वाटतं, पण त्या काळाचा विचार करा. सी भाषेत थ्रेडच नव्हते, ते प्रमाणात आले २०११ साली. युनिक्सचे थ्रेड वेगळे, विंडोजचे वेगळे, आणखी कुठे तिसरेच. तेव्हा लायब्ररीने सांगितलं, मला अमुक इतकी कुलपं लागतील. १.०.२ या आवृत्तीत हा आकडा ४१ होता. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने तेवढी कुलपं तयार करायची आणि एक फंक्शन लायब्ररीच्या हवाली करायचं. लायब्ररी त्याला हाक मारणार, 'सात नंबर लाव', 'सात नंबर काढ'. सोबत आणखी एक फंक्शन, 'आत्ता कोणता थ्रेड बोलतोय' हे सांगणारं. कारण चुकांची यादी प्रत्येक थ्रेडची वेगळी ठेवावी लागते.

यातली मेख कुठे होती बघा. ही फंक्शनं दिलीच नाहीत, तर लायब्ररी तक्रार करत नसे. ती कुलपाविना काम करत राही. घरच्या मशीनवर चाचणी झाली, सगळं छान. खरी गर्दी सुरू झाली की कधीतरी मध्यरात्री सर्व्हर पडायचा, आणि पुन्हा करून बघावं तर पडायचा नाही. अशा चुका शोधण्यात लोकांचे आठवडे गेलेले आहेत.

दुसरी मेख याहून खोल. एका प्रोसेसमध्ये ओपनएसएसएल एक, पण ते वापरणारे अनेक. आणि फंक्शन ठेवायची जागा फक्त एक. पायथॉनचं एसएसएल मॉड्यूल आपलं फंक्शन तिथे ठेवायचं. पोस्टग्रेसशी बोलणारी लिबपीक्यू ही लायब्ररीही तेच करायची, आणि शेवटची सुरक्षित जोडणी बंद झाली की ती जागा रिकामी करून निघून जायची. आपण घेतलेलं आपण परत ठेवलं, असा तिचा प्रामाणिक समज. पण त्याच क्षणी पायथॉनच्या एखाद्या थ्रेडने कुलूप लावलेलं असलं, तर ते काढायला फंक्शनच उरत नसे. पुढे कुणी ते मागितलं की कायमचं अडकून बसणार. लिबपीक्यूत २०१५ मध्ये यावर दुरुस्ती झाली. दुसऱ्या कुणी आधीच फंक्शन ठेवलेलं असेल तर हात लावायचा नाही, आणि काढताना फक्त स्वतःचंच काढायचं. म्हणजे चूक कुणा एकाची नव्हतीच. सामायिक वस्तूची जबाबदारी प्रत्येक पाहुण्याकडे दिली, तिथेच गणित बिघडलं होतं.

ऑगस्ट २०१६ मध्ये १.१.० आवृत्ती आली आणि ही व्यवस्था बदलली. आता लायब्ररी ज्या सिस्टिमवर चालते तिथलीच कुलपं स्वतः घेते. जुन्या फंक्शनांची नावं राहिली, जुना कोड कंपाइल व्हावा म्हणून, पण ती काहीच करत नाहीत. लिबजीक्रिप्टनेही १.६ आवृत्तीपासून असाच मार्ग धरला.

मग आपलं काम संपलं का? नाही. लायब्ररी आपल्या आतल्या वस्तू सांभाळते, तुमच्या वस्तू नाही. एक जोडणी म्हणजे एक एसएसएल ऑब्जेक्ट. ते दोन थ्रेडनी एकाच वेळी वापरायचं नाही. एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने लिहायचं, हेसुद्धा नाही, कारण वाचतानाही जोडणीची आतली स्थिती बदलते. सगळ्यांत सामायिक असणारं कॉन्टेक्स्ट ऑब्जेक्ट मात्र चालतं, अट एवढीच की त्याची सगळी मांडणी आधी पूर्ण करा आणि जोडण्या सुरू झाल्यावर त्यात फेरफार करू नका.

फोर्कचंही ध्यानात ठेवा. फोर्क केल्यावर नव्या प्रोसेसमध्ये फक्त हाक मारणारा थ्रेड उरतो, पण मेमरी जशीच्या तशी येते. त्या क्षणी दुसऱ्या थ्रेडकडे एखादं कुलूप असेल, तर नव्या घरात कुलूप लावलेलं येतं आणि किल्लीवाला मागेच राहतो. म्हणून थ्रेड सुरू करायच्या आधी फोर्क करा, किंवा फोर्कनंतर लगेच नवा प्रोग्रॅम चालवा.

शेवटचा मुद्दा वेगाचा. प्रत्येक कुलपापाशी रांग लागते, आणि रांगेत वेळ जातो. म्हणून कुलूप नीट लावण्याइतकंच महत्त्वाचं, त्याची गरजच कमी करणं. २०१८ च्या १.१.१ आवृत्तीत प्रत्येक थ्रेडला रँडम आकड्यांची स्वतःची यंत्रं मिळाली, सामायिक मुख्य यंत्राकडे अधूनमधूनच जायचं. प्रत्येक घरात माठ ठेवला की विहिरीवरची गर्दी कमी होते, तसं. उलट २०२१ च्या ३.० आवृत्तीत अल्गोरिदम नावाने शोधून आणायची पद्धत आली. दर वेळी शोधायला सामायिक कोठारात जावं लागतं, तिथे पुन्हा रांग, आणि अनेक थ्रेड असलेल्या कामांत वेग घटल्याच्या तक्रारी आल्या. उपाय साधा आहे. अल्गोरिदम सुरुवातीला एकदाच आणा, हाताशी ठेवा, तोच वापरा.

तर घरी गेल्यावर तीन गोष्टी करा. आपला प्रोग्रॅम ओपनएसएसएलच्या कोणत्या आवृत्तीशी जोडलेला आहे ते बघा. १.०.२ असेल तर तिचा आधार २०१९ अखेर संपला आहे, आणि तिथे कुलपं कोण पुरवतं हे आजच शोधा. दुसरं, एकेक जोडणी कोणत्या थ्रेडच्या ताब्यात आहे हे कोडमध्ये स्पष्ट लिहून ठेवा. तिसरं, जीसीसी किंवा क्लँगमधला थ्रेड सॅनिटायझर लावून चाचण्या चालवा. पाटीवर दोघं एकदम लिहितात तो क्षण तो पकडून देतो, आणि तोही दिवे जायच्या आधी.

प्रश्न असतील तर आता घेऊ.