नावेचा नांगर झटका कसा सोसतो?



नांगर म्हटले की आपल्याला शेतातला नांगर आठवतो. पण नावेला जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी आकड्यालाही नांगरच म्हणतात. शेतातला नांगर काळ्या मातीत घुसतो, नावेचा नांगर पाण्याखालच्या गाळात घुसतो.

आपल्या अमरावती जिल्ह्यात मोर्शीजवळ वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण आहे. तिथे मासे धरणाऱ्यांच्या नावा चालतात. कोकणात तर समुद्रच आहे. लाट आली की नाव वर उठते, वारा आला की मागे सरकते. इतकी जड नाव एकदम अडली तर केवढा झटका बसेल! तरी नांगर सुटत नाही अन् दोर तुटत नाही. काहून? त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण लांबी. आमचे आबाजी म्हणतात, "दावं आखूड नोको बांधू, बैल खुटा उपटते." आखूड दाव्याने खुटा वर ओढला जातो. लांब दाव्याने तो आडवा ओढला जातो, म्हणून निघत नाही. नांगराचेही तसेच. आडवा ओढला तर तो गाळात अजून रुततो, वर ओढला तर सुटतो. म्हणून पाणी १० मीटर खोल असेल तर साखळी ५० मीटर सोडतात. नुसता दोर असेल तर ७० मीटर तरी पाहिजे.

दुसरे कारण साखळीचे वजन. सोडलेली साखळी तळाशी पडून राहते. वाऱ्याने नाव मागे गेली की एकेक कडी तळावरून उचलली जाते. ही जड साखळी उचलण्यात नावेचा जोर खर्च होतो आणि नाव हळूहळू थांबते. वारा कमी झाला की साखळी परत खाली बसते अन् नावेला पुढे आणते.

तिसरे कारण ताण. वारा दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होतो, असे गुरुजींनी सांगितले. फार मोठ्या वाऱ्यात साखळी ताठ होते. मग तिचे वजन कामी येत नाही. म्हणून साखळी आणि नाव यांच्या मधात नायलॉनचा दोर लावतात. तो ताणला की लांब होतो, सोडला की परत आखूड होतो.

क्रिकेटमध्ये कॅच घेताना आपण हात मागे नेतो, म्हणजे हाताला लागत नाही. नावेलाही तशीच थांबायला जागा द्यावी लागते. जागा दहापट मिळाली तर झटका साधारण दहावा हिस्सा होतो.

मित्रांनो, हा प्रयोग करून पाहा. शिवायच्या दोऱ्याला एक दगड बांधा. हळू उचलला तर दोरा टिकतो, झटका दिला तर तुटतो. आता दोऱ्याच्या मधात सायकलच्या ट्यूबची बारीक पट्टी बांधा. तेवढाच झटका द्या. दोरा तुटत नाही! पण पाय दूर ठेवा, दगड पडतो.

नांगर टिकला नाही तर काय होते? १७ मे २०२१ रोजी मुंबईजवळच्या समुद्रात तौक्ते वादळ आले. पी-३०५ नावाच्या मोठ्या बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या नावेवर, २६१ माणसे होती. वादळात तिचे नांगर टिकले नाहीत. ती वाहत गेली आणि बुडाली. नौदलाच्या आय.एन.एस. कोची व इतर जहाजांनी पुष्कळांना वाचवले, पण ७० हून जास्त माणसे गेली.

पालकहो, नदीच्या काठी कोणी डोंगा बांधत असेल तर त्याला सांगा, दोर मजबूत पाहाच, पण त्याला ढीलही द्या. पूर चढला की आखूड दोर डोंग्याला पाण्याखाली ओढते.

— इयत्ता ४ थी