पारा, पार्षद आणि तालाब

फेब्रुवारी २०२५ मध्ये रायपूरने महापौर पुन्हा थेट निवडला. मीनल चौबे दीड लाखावर मतांच्या फरकाने निवडून आल्या, सत्तरपैकी साठ वॉर्ड भाजपकडे गेले. त्याआधीच्या खेपेला पार्षदांनी, म्हणजे नगरसेवकांनी, एजाज ढेबरांना निवडलं होतं. थेट बरं की पार्षदांमार्फत, यावर आमची विद्वान मंडळी अजून हमरीतुमरीवर येतात. येवोत. महापौर कुठल्या दाराने येतो त्यापेक्षा पार्षदाच्या हाती काय उरतं ते बघा, हे तुणतुणं मी तीस वर्षं वाजवतो आहे.

इतिहास उरकून घेतो. १८६७ची नगरपालिका, १९३७ साली अध्यक्ष झालेले ठाकूर प्यारेलाल सिंह, १९६७ची महापालिका. प्रशासकांच्या राजवटी गाळतो. त्यांच्यावर शाई कशाला खर्चायची?

मला रमायचं आहे ते पुरानी बस्तीच्या आसपासच्या वॉर्डांत. महामाया मंदिर, ब्राह्मणपारा, तात्यापारा, वामनराव लाखे ही त्यांची नावं; पारा म्हणजे मोहल्ला. लाखे म्हणजे १९०० साली माधवराव सप्र्यांच्या जोडीने ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे, १९१३ मध्ये सहकारी बँक उभारणारे. मराठी घरातल्या माणसांनी हिंदी मासिकासाठी पदरमोड करावी, असे ते दिवस. आज लाखेनगर चौकात लाखे कोण म्हणून विचारलं, तर रिक्षावाला भाडं सांगतो.

आमचे एक जुने पार्षद संध्याकाळी देवळाजवळच्या ओट्यावर बसत. गल्लीतला दिवा बंद पडल्याचं मी सांगितलं, तर विडीच्या बंडलाचा कागद उलटा करून त्यांनी त्यावर खांबाचा नंबर टिपला. तिसऱ्या दिवशी शिडी आली. महापालिकेचं कार्यालय इथून कोसावर असल्यासारखं वाटायचं, पण ओटा जवळ होता.

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवर वस्तीच्या शहरांना वॉर्ड समित्या सांगितल्या. त्यांच्यासाठी मी पत्रकं वाटली, सभा घेतल्या. एका सभेला वक्ते चार आणि श्रोते तीन होते. पुढे २०१६ मध्ये रायपूर स्मार्ट सिटीच्या यादीत आलं, त्यासाठी वेगळी कंपनी झाली आणि बुढा तालाबाचा काठ तिने सजवला. दिवे छान आहेत, नातवंडं खूश आहेत, पण काठावर काय हवं हे पाऱ्यातल्या कुणाला विचारलं होतं? ‘काकांना विकासच नको,’ असं एक लेखक माझ्याबद्दल लिहितात. त्यांनी शारदा चौक ते तात्यापारा हा रस्ता एकदा सायंकाळी सहा वाजता पायी चालून दाखवावा. त्याच्या रुंदीकरणाचं आश्वासन ऐकत माझे केस पिकले.

२०२५च्या निवडणुकीत मत मागायला एक तरतरीत पोरगा आला. वाकून नमस्कार केला, चहा घेतला. मी विचारलं, ‘बेटा, आपल्या गल्लीची नाली कुठल्या तालाबात उतरते?’

‘काका,’ तो म्हणाला, ‘वर विचारून सांगतो.’